मोफत शस्त्रक्रिया आणि मोडलेला दिवस

प्रश्न : ताई, आम्ही सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घाटमाथ्यावर राहतो. माझे वय ४१. मी द्राक्षबागेत टोळीबरोबर मजुरीला जाते आणि माझे मालक परराज्यात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामाला असतात. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे असे गेल्या वर्षी शिबिरात सांगितले होते. आता त्या माणूस आवाजावरून ओळखतात. सातवीतली मुलगी त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस घरी राहते. सासऱ्यांचे ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झाले, पण सासूबाई म्हणतात, "मला आता काय बघायचंय?" शेजारचे सांगतात, मोतीबिंदू पिकू द्या आणि थंडीत करा. कोणी म्हणते, हे गेल्या जन्मीचे भोग आहेत. बचत गटातून चाळीस हजारांचे कर्ज काढून खासगी दवाखान्यात लेझरचे ऑपरेशन करावे का? सरकारी दवाखान्यात फुकट होते, पण दिवस मोडतात आणि दोन खाडे पडले की टोळीत दुसरी बाई येते. मलाही घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढताना, विरळणीच्या वेळी, मणी नीट दिसत नाहीत. हे सगळे आमच्याच घरावर का आले?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती वेळेशी बांधलेली आहे. सासूबाईंना थंडीपर्यंत थांबवू नका. तुमचे पत्र श्रावणात आले आहे. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरची कामे उरकली आहेत आणि फळछाटणीला अजून अवकाश आहे. एकदा ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली, की काडीला पेस्ट लावणे, नको असलेल्या फुटी काढणे, घड औषधात बुडवणे (डिपिंग), विरळणी अशी कामे एकामागून एक लागतात आणि माल उतरेपर्यंत तुम्हाला हक्काचा एक दिवस मिळत नाही. थंडीत शस्त्रक्रिया करावी हा सल्ला त्या काळातला आहे, जेव्हा घाटमाथ्यावर पेरणी आणि सुगी यांच्यामधले आठवडे रिकामे असत आणि नेत्रशिबिरेही त्याच सुमारास भरत. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आले, बागा वाढल्या आणि बाईच्या कामाचे वर्ष पार बदलून गेले. सल्ला मात्र जुनाच राहिला. आता शस्त्रक्रिया बंदिस्त, निर्जंतुक खोलीत होते. तिला ऋतूची अडचण नाही. पावसाळ्यात फक्त हात स्वच्छ धुऊन औषध घालण्याची आणि चिखलपाण्यापासून डोळा जपण्याची काळजी थोडी अधिक घ्यावी लागते.

मोतीबिंदू पिकू द्यावा, हाही समज असाच एके काळी खरा असलेला आहे, म्हणून तो सांगणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. जुन्या पद्धतीत डोळ्यातले भिंग आवरणासकट बाहेर काढत आणि त्यासाठी ते पिकलेले असणे सोयीचे असे. नंतर रुग्णाला जन्मभर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा वापरावा लागे. आता डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवले जाते. आपल्या महाराष्ट्रासह सात राज्यांत १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदू नियंत्रणाचा मोठा प्रकल्प राबवला गेला, आणि तंबूतल्या शिबिरांतील शस्त्रक्रियांकडून रुग्णालयातील भिंग बसवण्याच्या शस्त्रक्रियांकडे आपण वळलो ते मुख्यतः त्याच काळात. तेव्हा पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा झिरपतो, डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होऊन असह्य ठणकतो आणि मग शस्त्रक्रिया होऊनही गेलेली नजर परत येईलच असे नाही.

हे मी एका अनुभवावरून इतके ठासून लिहिते आहे. नोकरीची बरीच वर्षे मी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काढली. नेत्र विभागातल्या रुग्णांची कागदपत्रे, सोबतीची व्यवस्था, घरच्यांची समजूत ही माझी कामे होती. जत भागातून एक आजी आल्या होत्या. तपासणीत त्यांची साखर जास्त निघाली आणि डॉक्टरांनी योग्यच सांगितले, की साखर आटोक्यात आल्यावर पंधरा दिवसांनी या. मी त्यांच्या कागदावर तारीख लिहून दिली आणि माझ्या दृष्टीने काम संपले. ती तारीख त्यांच्या घराला परवडते का, सोबतीला आलेल्या मुलाला पुन्हा रजा मिळणार आहे का, साखरेची गोळी गावात मिळते का, हे मी विचारले नाही. त्या दोन वर्षांनी आल्या, तेव्हा त्यांच्या एका डोळ्याला बॅटरीचा उजेडही कळत नव्हता. त्या दिवसापासून मी रुग्णाला पहिला प्रश्न विचारू लागले तो आजाराचा नव्हता, "आज तुमच्याबरोबर जे आले आहेत, त्यांचा आजचा पगार बुडाला का?" असा होता. नजर कशामुळे जाते याची अर्धी हकिगत त्या प्रश्नाच्या उत्तरात असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. हे तुमच्याच घरावर आलेले नाही आणि हे गेल्या जन्मीचे भोगही नाहीत. वयाबरोबर डोळ्यातले भिंग गढूळ होणे हे श्रीमंतालाही चुकत नाही. परंतु त्या गढूळपणापायी आंधळे होऊन बसणे मात्र बहुतेक करून गरिबाच्याच वाट्याला येते. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले आणि त्यातले ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते. त्याच सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्यांमध्ये हे प्रमाण ३.२३ टक्के, तर दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांमध्ये ०.४३ टक्के होते. पुरुषांत ते १.६७ टक्के आणि स्त्रियांत २.३१ टक्के होते. शाळेत न गेलेली माणसे बहुधा वयानेही अधिक असतात, त्यामुळे हा सगळाच फरक शिक्षणाचा आहे असे मी म्हणणार नाही. पण भोग असते, तर ते दहावीचे प्रमाणपत्र पाहून मागे फिरले नसते. शिकलेल्या घरात थोडा पैसा असतो, दवाखान्यात प्रश्न विचारण्याचे धैर्य असते, रजा भरपगारी असते आणि म्हातारीला दिसेनासे झाले हे कोणाच्या तरी वेळेवर लक्षात येते.

यातली शेवटची गोष्ट मला नीट मांडायची आहे, कारण ती तुमच्या घरातच घडली आहे. सासऱ्यांची शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली. त्यांना बहुधा बांधावर, बाजाराला, विट्याच्या एसटीला दिसेनासे झाले असेल. ते चारचौघांसमोर ठेचकाळले असतील आणि घराला ते लगेच कळले असेल. सासूबाई घरात वावरतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ज्या घरात काढली, तिथे मिठाचा डबा कुठे, चुलीची कड कुठे, उंबरा किती उंच हे हाताला आणि पायाला पाठ असते. तांदळातला खडा बोटांना लागतो, भाकरी फुगल्याचे वासाने कळते. बाई अशी चाचपडत दिवस काढते आणि घराला वाटते की तिला दिसते आहे. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी सुनांनी आणि लेकांनी प्रामाणिकपणे सांगितले आहे, की "आई तर कालपर्यंत स्वयंपाक करत होती." म्हणजे बाईच्या कामातले कसबच तिची नजर गेल्याची वार्ता घरापर्यंत पोहोचू देत नाही. पुरुषाची नजर गेली की मजुरी थांबते, म्हणून पैसे उभे राहतात. बाईची नजर गेली की नात शाळेतून थांबते, आणि तो खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

त्यामुळे सासूबाई "मला आता काय बघायचंय" असे म्हणतात ते त्यांच्या मनातले शेवटचे वाक्य समजू नका. मी अशा बायकांशी एकांतात बोलले आहे. बहुतेकींच्या मनात तीन धास्ती असतात : खर्च कोण करणार, आपल्यामुळे सुनेचा रोज बुडणार का, आणि महिनाभर डोळ्यात औषध कोण घालणार. कोणाला भूल आणि टाक्याचे भय असते, पण तेही बोलून दाखवायला त्यांना कोणी विचारलेले नसते. तुम्ही समजावण्यापेक्षा वस्तीवरची ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे अशी एखादी त्यांच्याच वयाची बाई दुपारी त्यांच्याजवळ नेऊन बसवा आणि आपण तिथून उठून जा. दवाखान्यात काय केले, किती दुखले, पट्टी काढल्यावर पहिले काय दिसले, हे त्यांना तिच्याकडूनच ऐकू द्या.

दिवसांचा हिशेब हा खरा प्रश्न आहे आणि तुम्ही तो लाजत लिहिला आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मदुराईच्या परिसरातील खेड्यांत नेत्रशिबिरांविषयी झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांची तक्रार असलेल्या दर शंभर प्रौढांपैकी जेमतेम सात जण शिबिराला गेल्याचे आढळले. शिबिर मोफत होते. तिथपर्यंत जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबतीला माणूस नसणे आणि घर कोण पाहणार ही चिंता मात्र मोफत नव्हती. आपल्या शासनाने १९७६ मध्येच अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात शस्त्रक्रिया, भिंग, औषध यांचा खर्च उचलला जातो आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण जिला रोजावर जगायचे आहे तिच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई त्यात नाही. धोरण आखणाऱ्यांनी हे कधीतरी मनावर घ्यावे असे मला कळकळीने वाटते. तोवर आपल्याला तो दिवस आपापसांतच उभा करायला हवा.

साधारण हिशेब असा होतो. पहिल्या तपासणीचा एक दिवस, शस्त्रक्रियेचे दोन, नंतरच्या तपासण्यांचे दोन आणि महिना-दीड महिन्याने चष्म्याच्या नंबराचा एक, म्हणजे सहा दिवस. हे सहाही दिवस तुमचेच मोडले पाहिजेत असे कोठे आहे? तुमच्या पत्रात सासऱ्यांचा उल्लेख एकाच ओळीत आला आहे. त्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांना दिसते, दवाखान्याची वाट त्यांनी चाललेली आहे आणि डोळ्यात थेंब कसे घालतात हे ते स्वतः भोगून शिकले आहेत. तपासणीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांना त्यांनीच सासूबाईंना घेऊन जावे. बायकोच्या दुखण्यात पुरुषाने सोबत बसणे आपल्याकडे रीत नाही म्हणून कोणाला सुचत नाही, एवढेच. मी जेव्हा जेव्हा एखाद्या आजोबांना हे स्पष्ट शब्दांत सांगितले, तेव्हा त्यांनी ते आनंदाने केलेले पाहिले आहे. त्यांना हे तुमच्याऐवजी तुमच्या मालकांनी फोनवर सांगावे, म्हणजे सुनेने सासऱ्याला काम लावल्याचा बोल तुमच्यावर येणार नाही. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना बहुधा थांबू देत नाहीत, तेवढी एक रात्र मात्र बाई हवी.

त्या रात्रीसाठी, आणि तुमच्या खाड्यासाठी, टोळीतल्या बायकांशी बोला. आपल्याकडे शेतात पैरा करतात : आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. तुमच्या टोळीतल्या दहा-बारा घरांत आणखी दोन-तीन तरी म्हाताऱ्या अशाच चाचपडत असतील. त्यांना एकाच दिवशी तपासणीला न्यावे, एकीने सगळ्यांची सोबत करावी आणि तिच्या वाटणीचा रोज बाकीच्यांनी मिळून भरावा, किंवा तिच्या जागी तिच्याच नावावर दुसरीने काम करावे. मुकादमाशी आधी बोलून ठेवलेला खाडा आणि अचानक पडलेला खाडा यांत फरक असतो. गावच्या आशाताईंना आधी कळवा. मोतीबिंदूचे रुग्ण शोधून दवाखान्यापर्यंत पोहोचवणे हे त्यांच्या कामातच येते आणि अनेकदा वाहनाची सोयही त्यांच्यामार्फत होऊ शकते. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेही हिशेबात धरा.

कर्जाबद्दल माझे मत सरळ आहे : चाळीस हजारांचे कर्ज काढू नका. लोक ज्याला लेझर म्हणतात ती बहुधा यंत्राने भिंग विरघळवून काढण्याची पद्धत असते आणि सरकारी रुग्णालयांत अनेक ठिकाणी लहान छेदाची, बहुधा टाके न घालता होणारी पद्धत वापरतात. दोन्हींत डोळ्यात कृत्रिम भिंग बसते. पुण्यात चारशे डोळ्यांवर या दोन पद्धतींची तुलना करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दीड महिन्यानंतर चष्मा लावून मिळालेली नजर दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती. यंत्राच्या पद्धतीत चष्म्यावाचून थोडे अधिक स्पष्ट दिसते हे खरे, पण सासूबाईंना ज्या गोष्टी पाहायच्या आहेत त्यांसाठी तेवढा फरक चाळीस हजारांचा नाही. बचत गटाचे पैसे घ्यायचेच असतील, तर सहा दिवसांच्या मजुरीपुरते आणि जाण्यायेण्यापुरते घ्या. त्या कर्जाने नजर परत येईल आणि ते फिटेलही. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि १९६२ पासून चालत आलेल्या मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय या दोन्ही ठिकाणी नेत्र विभाग आहेत. निघताना दोघांचीही आधार कार्डे आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. एखाद्या खासगी रुग्णालयाचे नाव कोणी सुचवले, तर तिथे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारे मदतनीस, बसतात का ते पाहा आणि हे उपचार योजनेत बसतात का, हे पैसे भरण्याच्या आधी त्यांनाच विचारा.

सांगलीला जाण्याआधी मात्र गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सासूबाईंची साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. दोन्हींपैकी काही वाढलेले असेल तर गोळ्या तिथेच सुरू होतील आणि सांगलीची फेरी वाया जाणार नाही. मी वर ज्या आजींबद्दल लिहिले, त्यांना हे आधी कोणी सांगितले असते तर त्यांची ती पहिली फेरीच शेवटची ठरली असती. आणखी एक : शिबिरात मोतीबिंदू सांगितला म्हणून डोळ्यात तेवढेच आहे असे धरू नये. काचबिंदू किंवा साखरेमुळे पडद्यावर झालेला परिणाम मोतीबिंदूच्या आड दडलेला असू शकतो. तशी शंका असेल तर डॉक्टर शस्त्रक्रियेआधीच सांगतील की नजर किती परत येईल, आणि ते ऐकून घेण्याची तयारी ठेवावी. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून आणलेले थेंब आत्ता घालत असाल तर ते बंद करा आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवा. काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि त्यानेच मोतीबिंदू व काचबिंदू होऊ शकतो.

आता तुमच्याविषयी. तुम्ही स्वतःबद्दल पत्राच्या तळाशी एक वाक्य लिहिले आहे, त्यावरूनच मला कळते की सासूबाईंची गोष्ट तुमच्याही बाबतीत सुरू झाली आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी जवळचे अंधूक दिसणे याला आपल्या भाषेत नावच आहे, चाळिशी. हा आजार नव्हे. वयानुसार भिंगाची लवचिकता कमी होते एवढेच, आणि साध्या चष्म्याने ते दुरुस्त होते. पण विरळणी हे हातभर अंतरावरचे, बारीक नजरेचे काम आहे. मणी दिसला नाही की कात्री देठाला लागते, घड खराब होतो, बोलणी बसतात आणि पुढच्या हंगामात तरुण मुलींना आधी बोलावले जाते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला आणि बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर दिला. चष्मा मिळालेल्यांची पानांची तोड इतरांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक भरली. काही शे रुपयांच्या वस्तूने मजुराच्या कमाईत एवढी भर पडते, आणि तरीही ती वस्तू त्याच्या नाकावर नसते, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही.

चष्मा लावून मजुरीला गेल्यास "म्हातारी झाली" असे कोणी म्हणेल, ही भीती मी अनेकींच्या तोंडून ऐकली आहे. बागेचा मालक स्वतः चष्म्याशिवाय हिशेबाची वही वाचत नाही, हे त्या म्हणणारीला सांगा. विट्याच्या सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे नंबर तपासून घ्या आणि चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे डोळ्यातला दाबही पाहायला सांगा. काचबिंदू बहुधा दुखत नाही, कडेची नजर हळूहळू खातो आणि गेलेली नजर परत आणता येत नाही. तुमच्या माहेरी कोणाला तो असल्यास हे विसरू नका.

बागेतल्या दोन धोक्यांविषयीही लिहिते. काडीचे टोक, तारेचे टोक किंवा उसाचे पान बुबुळाला लागले तर घरी मध, एरंडेल, कांद्याचा रस, बाळंतिणीचे दूध असे काहीही घालू नका. पाल्यापाचोळ्याच्या जखमेतून बुरशी शिरते, बुबुळावर व्रण होतो आणि तो भरला तरी फूल, म्हणजे पांढरा डाग, पडून नजर अडते. मदुराई भागात बुबुळाच्या अशा व्रणांचे प्रमाण अमेरिकेतील एका भागाच्या सुमारे दहापट आढळले होते, आणि ते होतात मुख्यतः शेतात राबणाऱ्यांना. जखम झाली त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छाटणीनंतर कोंब फुटण्यासाठी वेलीच्या काडीला लावतात ती पेस्ट, म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, त्वचेला आणि डोळ्यांना भाजणारी आहे. ती डोळ्यात उडाली तर लगेच स्वच्छ पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मग थेट दवाखाना गाठावा. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर जाऊ, असे म्हणू नये. पेस्ट लावताना चष्मा आणि हातमोजे पुरवणे हे बागायतदाराचे काम आहे. एकटीने मागण्यापेक्षा टोळीने मिळून मागितले तर ते मिळण्याचा संभव अधिक. तुमच्या मालकांनाही आम्लाच्या वाफेत आणि भट्टीसमोर डोळ्यांना संरक्षक चष्मा लावायला सांगा.

मुलीच्या शाळेसाठी मात्र शस्त्रक्रियेची वाट पाहू नका. सोमवारपासून ती रोज शाळेत गेली पाहिजे. आजींच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत एक दोरी बांधा, वाटेतल्या वस्तू हलवा, पाण्याचा तांब्या आणि चप्पल ठरल्या जागी ठेवा, दुपारचे जेवण झाकून हाताशी ठेवा. शाळेच्या वेळात सासरे घरी थांबतील असे ठरवा. दोन-तीन महिन्यांच्या गैरहजेरीने सातवीतली मुलगी अभ्यासात मागे पडते, मग तिला शाळेत जावेसे वाटत नाही आणि मग ती लवकर टोळीत येते. वर दिलेले ३.२३ आणि ०.४३ हे आकडे पुन्हा वाचा. आज आजीची नजर सांभाळण्यासाठी घरी बसलेली मुलगी साठ वर्षांनी त्यातल्या कोणत्या आकड्यात मोजली जाईल, हे या वर्षी तुमच्या घरात ठरते आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा ती हजर असावी. तिच्याही डोळ्यांचा नंबर त्यात कळेल.

शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतील. सांगतील तेवढे दिवस थेंब वेळच्या वेळी घालावेत, डोळा चोळू नये, डोक्यावरून पाणी घेऊ नये, जड उचलू नये. चुलीपासून त्यांना या काळात लांबच ठेवा; धुराने डोळा चुरचुरतो, आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात वर्षे काढलेल्या स्त्रियांत मोतीबिंदू अधिक आढळतो असे भारत-नेपाळातल्या काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणून घरात गॅस असून चहापुरताच वापरत असाल, तर निदान एवढा महिना भाकरीही त्यावरच होऊ द्या. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसत होते ते कमी झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

सांगलीहून परत निघण्याआधी दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारून घ्या आणि ती कागदावर लिहून घ्या. एका डोळ्याने दिसू लागले की बाई म्हणते, "एवढं पुरे झालं", आणि घरही तिचे ऐकते. ती तारीख फळछाटणीच्या आधीची मागा. डॉक्टरांना सांगा, की आमच्याकडे ऑक्टोबरपासून बागेची कामे सुरू होतात. हे कारण सांगायला संकोचू नका, कारण रुग्णाचे दिवस कोणते मोकळे आहेत हे माहीत असल्याशिवाय कोणत्याही डॉक्टरला तारीख नीट देता येत नाही.